८०५१ च्या चाळीस पिना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्या प्रचलित पॅकेजला ४० पिना असतात. त्यांपैकी ३२ पिना आठ-आठच्या चार पोर्टांच्या. उरलेल्या आठ वीजपुरवठा, क्रिस्टल, रिसेट आणि बाहेरची मेमरी यांच्यासाठी. आकृतीत प्रत्येक पिनेपुढे नाव छापलेले असल्यामुळे तिचे काम कायमचे ठरून गेले आहे असे वाटते. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. पोर्टाची पिन कशी वागेल हे तिच्यामागचे सर्किट आणि प्रोग्रॅमने तिच्या लॅचमध्ये, म्हणजे बिट धरून ठेवणाऱ्या सर्किटमध्ये, लिहिलेला बिट ठरवतात.

चारही पोर्ट सारखेच, हा सर्वांत रुळलेला गैरसमज. पोर्ट ०, म्हणजे ३२ ते ३९ क्रमांकाच्या पिना, साध्या आउटपुटसाठी वापरताना ओपन ड्रेन असतो. तो पिनेला ग्राउंडकडे खेचू शकतो, ५ व्होल्टकडे नेऊ शकत नाही. म्हणून तिथे बाहेरून, साधारण १० किलोओहमचे, पुल-अप रेझिस्टर लावावे लागतात. बाकीच्या तीन पोर्टांना आतले पुल-अप आहेत, पण ते फार क्षीण. त्यांतून काही मायक्रोअँपिअरच मिळतात आणि एलईडीला मिलिअँपिअर लागतात. त्यामुळे एलईडी पिनेतून ग्राउंडकडे न जोडता ५ व्होल्टकडून रेझिस्टरमार्गे पिनेकडे जोडणे योग्य. मग ‘०’ लिहिल्यावर तो पेटतो. इथेही मर्यादा आहे. अॅटमेलच्या ८९सी५१ या ८०५१ कुळातल्या चिपमध्ये एका पिनेने १० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घ्यावा, पण पोर्ट १, २ किंवा ३ च्या आठही पिनांनी मिळून १५ च. एक एलईडी नीट चालला म्हणून तसेच आठ लावणे ही त्या पोर्टावरची जबरदस्ती होय. तिथे ड्रायव्हर चिप हवी.

पिन इनपुट करायला वेगळे दिशा-रजिस्टर असते, हा समज इतर चिपांवरून येतो. ८०५१ मध्ये तसे रजिस्टरच नाही. लॅचमध्ये ‘१’ लिहिला की आतला ट्रान्झिस्टर बंद होतो आणि पिनेवरची बाहेरची पातळी वाचता येते. रिसेटनंतर सगळ्या लॅचमध्ये ‘१’ असतो, म्हणून पहिला प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. पुढे कुठेतरी त्याच पिनेवर ‘०’ लिहिला गेला की तिला जोडलेल्या बटणाची स्थिती काहीही असो, वाचन ‘०’ च येते. बटण पिनेला थेट ५ व्होल्टशी जोडणारे असेल, तर त्या ट्रान्झिस्टरमधून मोठा प्रवाह वाहून पिन निकामी होऊ शकते.

पोर्ट ३ फक्त सिरियल, इंटरप्ट आणि टायमरसाठी राखीव आहे असेही नाही. त्या सोयी वापरायच्या नसतील, तर १० ते १७ या साध्या पिनाच आहेत. मात्र सिरियल पिना संगणकाच्या आरएस-२३२ पोर्टला थेट जोडू नयेत. तिथे ऋण व्होल्टेजही येते; मध्ये मॅक्स२३२ सारखी चिप लागते.

रिसेटची ९ क्रमांकाची पिन ‘१’ वर कार्य करते. एव्हीआर किंवा पिक चिपांची रिसेट पिन ‘०’ वर कार्य करते. त्यांचे सर्किट इथे उचलून आणले, तर ८०५१ कायम रिसेटमध्येच अडकतो. रिसेटने रॅम पुसली जाते, हेही खरे नाही. वीजपुरवठा चालू असेल तर आतल्या रॅममधला मजकूर तसाच राहतो.

ईए, म्हणजे ३१ क्रमांकाची पिन, मोकळी सोडली तरी चालते हा समज महागात पडतो. चिपमधला प्रोग्रॅम चालवायचा असेल तर ती ५ व्होल्टला जोडलीच पाहिजे. ग्राउंडला जोडली तर चिप बाहेरच्या मेमरीत प्रोग्रॅम शोधते. मोकळी राहिली तर वागणूक बेभरवशाची होते.

१८ आणि १९ या पिनांवरच्या क्रिस्टलला धन-ऋण बाजू नसते. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल म्हणजे सेकंदाला १ कोटी २० लाख सूचना, हेही चूक. मूळ ८०५१ मध्ये १२ आंदोलनांचे एक मशीन सायकल होते, म्हणजे १ मायक्रोसेकंद, आणि काही सूचनांना दोन किंवा चार सायकल लागतात.

बाहेरची मेमरी नसेल तेव्हा ३० क्रमांकाची एएलई पिन निरुपयोगी मानली जाते. तिच्यावर साधारणतः क्रिस्टलच्या एकषष्ठांश वारंवारतेचे स्पंद येत राहतात. १२ मेगाहर्ट्झला २ मेगाहर्ट्झ. चिप चालते की नाही हे ऑसिलोस्कोपवर तपासायला हीच पिन बरी, कारण क्रिस्टलच्या पिनेला प्रोब लावल्यास त्याच्या कपॅसिटन्समुळे आंदोलन बंद पडू शकते.