एका पाइपलाइनची तेरा वर्षे

सप्टेंबर २००८मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीच्या ट्रान्सकॅनडा कंपनीने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे एक अर्ज केला. अल्बर्टातल्या हार्डिस्टीपासून टेक्सासच्या आखाती किनाऱ्यापर्यंत कच्चे तेल नेणारी पाइपलाइन तिला टाकायची होती. पाइपलाइन आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार, म्हणून अध्यक्षांची परवानगी हवी. त्यासाठी पाइपलाइन राष्ट्रहिताची आहे की नाही हे खात्याने ठरवायचे. अशा परवानग्या तोवर गाजावाजा न होता मिळून जात. कंपनीच्या पहिल्या कीस्टोन पाइपलाइनला त्याच वर्षी मार्चमध्ये ती मिळाली होती. या दुसऱ्या, कीस्टोन एक्सएल नावाच्या पाइपलाइनचा सोक्षमोक्ष लागायला मात्र जून २०२१ उजाडला. तोवर चार अध्यक्षांच्या कारकिर्दी तिने पाहिल्या.

अर्ज झाला तेव्हाचे वातावरण आज आठवावे लागते. त्या जुलैत तेलाचा भाव बॅरलला १४७ डॉलरपर्यंत चढला होता. अमेरिका आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणत होती. १९८०पर्यंत देश ऊर्जेच्या बाबतीत स्वावलंबी करू, असे निक्सन यांनी नोव्हेंबर १९७३मध्ये जाहीर केले होते आणि नंतरच्या प्रत्येक अध्यक्षाने ते आश्वासन कोणत्या ना कोणत्या रूपात पुन्हा दिले होते. अशा वेळी शेजारचा मित्रदेश तेल द्यायला तयार आहे, तर हरकत कोण घेणार? ऑक्टोबर २०१०मध्ये परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनीही आपला कल मंजुरीकडे असल्याचे बोलून दाखवले होते.

हे तेल मात्र साधे नव्हते. अल्बर्टाच्या उत्तर भागात वाळूत मुरलेले बिट्युमेन, म्हणजे जवळजवळ डांबरच, खणून किंवा जमिनीखाली वाफ सोडून काढतात. ते इतके घट्ट असते की पातळ हायड्रोकार्बन मिसळल्याशिवाय पाइपातून वाहत नाही. ते काढण्यातच बरीच ऊर्जा खर्ची पडते. टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांना ते हवे होते, कारण व्हेनेझुएला आणि मेक्सिकोच्या जड तेलासाठी त्यांनी पूर्वीच मोठी गुंतवणूक केली होती आणि तिकडचा पुरवठा आटत चालला होता.

असे तेल सांडले तर काय होते, हे जुलै २०१०मध्ये मिशिगनमध्ये दिसले. एनब्रिज या दुसऱ्या कंपनीची जुनी पाइपलाइन मार्शल गावाजवळ संध्याकाळी सहाच्या सुमारास फुटली. शेकडो मैलांवरच्या नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे वाजू लागले. पाइपात पोकळी निर्माण झाल्यामुळे दाब घसरला असेल, अशी तिथल्या कर्मचाऱ्यांची समजूत झाली आणि पोकळी भरून काढण्यासाठी त्यांनी सकाळपर्यंत दोनदा पंप पुन्हा चालू केले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरानंतर एका गॅस कंपनीच्या माणसाने फोन करून, ओढ्यात तेल आले आहे, असे कळवले. तोवर सतरा तास उलटले होते. सुमारे ३२ लाख लिटर तेल बाहेर पडले आणि त्यातले चार पंचमांश त्या दोन वेळच्या पंपिंगमध्ये गेले, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. पातळ द्रव उडून गेला आणि बिट्युमेन कॅलमझू नदीच्या तळाशी बसले. पाण्यावरचा तवंग गोळा करण्याच्या नेहमीच्या पद्धती तिथे अपुऱ्या पडल्या, नदीचा तळ उपसावा लागला. नेब्रास्काच्या शेतकऱ्यांनी हे सगळे वाचले होते.

कीस्टोन एक्सएलचा आधीचा मार्ग नेब्रास्काच्या सँडहिल्समधून जाणार होता. तिथे वाळूच्या टेकड्यांवर गवताचा पातळ थर आहे आणि अनेक ठिकाणी थोडे खणले की पाणी लागते. खाली ओगलाला हा प्रचंड भूजलसाठा, ज्यावर त्या पट्ट्यातली मक्याची शेती आणि गुरे जगतात. पाइपलाइनला पहिला जोरदार विरोध इथून झाला आणि तो करणारे बरेचसे लोक वर्षानुवर्षे रिपब्लिकन पक्षाला मत देणारे होते. राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर डेव्ह हाइनमन यांनी ऑगस्ट २०११मध्ये, पाइपलाइनला माझा विरोध नाही पण या मार्गाला आहे, असे अध्यक्षांना कळवले. शेतकऱ्यांचा राग सक्तीच्या भूसंपादनावर होता. परदेशी खासगी कंपनी, तिचा नफा, आणि जमीन आमची? सार्वजनिक हिताचा कायदा इथे कसा लागतो, हा त्यांचा सवाल होता आणि मला तो आजही या साऱ्या वादातला सर्वांत स्वच्छ सवाल वाटतो.

त्याच ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला दुसरी आघाडी उघडली. हवामानबदलावर लिहिणारे लेखक-कार्यकर्ते बिल मकिबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हाइट हाउससमोर दोन आठवडे धरणे धरले. १,२५३ जणांना अटक झाली. त्यांत नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन होते. हॅन्सन यांचे म्हणणे पाइपाच्या गळतीपुरते नव्हते. बिट्युमेनचा एवढा साठा जळू दिला तर हवामान सावरण्याची आशा उरणार नाही, असे ते सांगत होते. हवामानबदल ही डोळ्यांना न दिसणारी, सर्वत्र पसरलेली गोष्ट. तिच्याविरुद्ध उभे राहायला माणसांना एक ठिकाण लागते. ते ठिकाण या पाइपलाइनने दिले, आणि आंदोलनाची ही निवड हुशारीची होती यात शंका नाही.

जानेवारी २०१२मध्ये ओबामांनी पहिल्यांदा नकार दिला, तोही काँग्रेसने घातलेल्या साठ दिवसांच्या मुदतीकडे बोट दाखवून. कंपनीने ओक्लाहोमा ते टेक्सास हा दक्षिणेचा टप्पा वेगळा काढला. त्याला सीमा ओलांडायची नसल्याने अध्यक्षांची परवानगी लागत नव्हती. तो बांधला गेला आणि २०१४मध्ये सुरूही झाला. उरला हार्डिस्टी ते नेब्रास्कातली स्टील सिटी हा सुमारे १,९०० किलोमीटरचा, दिवसाला ८ लाख ३० हजार बॅरल क्षमतेचा टप्पा. त्यासाठी नवा अर्ज आला.

नेब्रास्कात खटला चालला. मार्ग ठरवण्याचा अधिकार गव्हर्नरला देणारा कायदा घटनाबाह्य आहे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सातपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटले. पण त्या राज्यात कायदा रद्द करायला पाच लागतात, त्यामुळे कायदा तरला. २०१४च्या वसंतात नीली गावाजवळच्या एका शेतात वेगळेच काही घडले. पोंका या आदिवासी जमातीला १८७७मध्ये तिच्या भूमीवरून सक्तीने हलवले होते, आणि तो रस्ता या शेतावरून गेला होता. नियोजित पाइपलाइनच्या रेषेवर गोऱ्या शेतकऱ्यांनी आणि पोंकांनी मिळून पोंकांचे जुने, पवित्र मक्याचे बियाणे हाताने पेरले. पुढे दरवर्षी तिथे मका लावला गेला आणि २०१८मध्ये शेतमालकाने जमिनीचा तो तुकडा जमातीच्या नावावर करून दिला. ज्यांच्या पूर्वजांची जमीन गेली आणि ज्यांची आता जाऊ घातली होती, ते एका सरीत उभे होते.

राजधानीतली चर्चा या मानाने कोरडी होती. परराष्ट्र खात्याचा जानेवारी २०१४चा अहवाल दोन्ही बाजूंनी सोयीपुरता वाचला. बांधकामाच्या काळात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष ४२,१०० रोजगार, हे समर्थकांनी उचलले. बांधकामानंतर जेमतेम ५०, हे विरोधकांनी. हे तेल अमेरिकेत शुद्ध होणाऱ्या सरासरी तेलापेक्षा सुमारे १७ टक्के जास्त उत्सर्जन करते, हेही त्यात होते. पण निष्कर्ष असा की पाइपलाइन नाकारली तरी तेल रेल्वेने जाईलच, म्हणून हवामानावर फारसा फरक पडणार नाही. रेल्वेचा उल्लेख तेव्हा अंगावर काटा आणणारा होता. सहाच महिन्यांपूर्वी क्विबेकमधल्या लॅक-मेगँटिक गावात नॉर्थ डकोटाचे तेल नेणारी मालगाडी रुळांवरून घसरून पेटली होती आणि ४७ माणसे गेली होती.

पुढचा भाग वर्तमानपत्रांनी भरपूर लिहिला आहे. पाइपलाइन मंजूर करणाऱ्या काँग्रेसच्या विधेयकावर ओबामांचा फेब्रुवारी २०१५चा नकाराधिकार, पॅरिसच्या हवामान परिषदेच्या तोंडावर ६ नोव्हेंबरला अंतिम नकार; २०१७मध्ये ट्रम्प यांची मंजुरी, माँटानातल्या न्यायालयाची स्थगिती, २०१९मध्ये नवे परवानगीपत्र; अल्बर्टा सरकारने २०२०मध्ये ओतलेले दीड अब्ज कॅनेडियन डॉलर; २० जानेवारी २०२१ला बायडन यांनी पहिल्याच दिवशी परवाना रद्द करणे. जूनमध्ये कंपनीने प्रकल्प गुंडाळला.

दरम्यान ज्या स्वावलंबनासाठी ही पाइपलाइन हवी होती, ते तिच्याविनाच आले. टेक्सास आणि नॉर्थ डकोटाच्या शेल खडकांतून तेल निघू लागले. २००८मध्ये दिवसाला ५० लाख बॅरल असलेले अमेरिकेचे उत्पादन २०१९मध्ये १ कोटी २० लाखांवर गेले. ओबामांच्या नकारानंतर सहा आठवड्यांत, डिसेंबर २०१५मध्ये, कच्च्या तेलाच्या निर्यातीवरची चाळीस वर्षांची बंदी उठली. २०२०मध्ये देशाची पेट्रोलियम निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली. निक्सन यांचे स्वप्न हिशेबात तरी पुरे झाले. आणि जून २०२२मध्ये युक्रेन युद्धामुळे पेट्रोल सरासरी गॅलनला पाच डॉलरच्या वर गेले, अमेरिकेच्या इतिहासात पहिल्यांदाच. तेल देशातच निघत होते, पण भाव जगाच्या बाजारात ठरत होता. ज्याला रोज चाळीस मैल गाडी हाकून कामाला जायचे, त्याच्या खिशाला स्वावलंबनाचा उपयोग झाला नाही.

विरोधकांच्या पदरात तरी काय पडले? अल्बर्टातले बिट्युमेनचे उत्पादन २००८च्या दुपटीहून जास्त झाले. कॅनडाचे तेल इतर पाइपांतून आणि रेल्वेने अमेरिकेत येतच राहिले. आता ते दिवसाला ४० लाख बॅरलच्या घरात आहे. पश्चिम किनाऱ्याकडे नेणारी ट्रान्स माउंटन ही पाइपलाइन कॅनडा सरकारने २०१८मध्ये स्वतःच विकत घेतली आणि प्रचंड खर्चाने वाढवून मे २०२४मध्ये सुरू केली. तरीही तेरा वर्षांची ती लढाई वाया गेली असे मी म्हणणार नाही. तिच्यानंतर तिथे कुठल्याही मोठ्या पाइपलाइनला हवामानाचा आणि जमिनीच्या हक्काचा प्रश्न टाळून पुढे जाता आले नाही. मात्र दोन्ही बाजू पुरवठ्याच्या टोकाला भांडत राहिल्या, वापराचे टोक मोकळेच राहिले.

ते टोक किती महत्त्वाचे होते याचा पुरावा त्याच काळात आहे. व्हाइट हाउससमोरच्या धरण्याच्या तीन आठवडे आधी, जुलै २०११च्या अखेरीस, मोटार कंपन्या आणि सरकार यांच्यात इंधनबचतीच्या नव्या मानकांवर समझोता झाला. ऑगस्ट २०१२मध्ये नियम पक्के झाले. ओबामांच्या काळातल्या या मानकांमुळे २०२५पर्यंत दिवसाला २० लाख बॅरलहून अधिक तेल वाचेल, असा सरकारचा अंदाज होता, म्हणजे कीस्टोन एक्सएलच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त. त्यांत पळवाट होती: गाडी जितकी मोठी तितके मानक सैल, त्यामुळे कंपन्या मोठ्या गाड्या विकत गेल्या. ट्रम्प सरकारने मार्च २०२०मध्ये वार्षिक सुधारणेचे लक्ष्य सुमारे पाचवरून दीड टक्क्यावर आणले. त्याविरुद्ध कुणी शेतात मका पेरला नाही की व्हाइट हाउसला वेढा घातला नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी कीस्टोन एक्सएल पुन्हा बांधा, असे जाहीर आवाहन केले आणि त्याच्या बातम्या जगभर झाल्या. त्याच वर्षी ४ जुलैला त्यांनी सही केलेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात, इंधनबचतीचे मानक न पाळणाऱ्या मोटार कंपन्यांचा दंड शून्य करण्यात आला. त्याची चर्चा फारशी कुठे झाली नाही.