माहिती चौकट : रस्ता झाला, दिव्याचं काय?

वणी तालुक्यातलं राजूर जनगणनेच्या दप्तरी शहर, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. त्यामुळे पथदिव्यांसाठी नगरपालिकेचं अंदाजपत्रक नाही. भिस्त घरपट्टीसोबतच्या दिवाबत्ती करावर आणि वित्त आयोगाच्या निधीवर. पंधराव्या आयोगाचा (2021-26) 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. दिवे बसवायचे ते उरलेल्या 40 टक्क्यांतून. 2021 मध्ये राज्य सरकारने पथदिव्यांची वीजबिलंही याच आयोगाच्या निधीतून भरायला सांगितली, तेव्हा राज्यभरातले सरपंच चिडले. चिडणारच! खाणपट्ट्यातल्या गावांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा आणखी एक दरवाजा आहे, पण तिथे प्रस्ताव वेळेत जावा लागतो.

पैसा मिळाला तरी खरी मेख कामाच्या क्रमात. काँक्रीट ओतण्याआधी रस्त्याखालून आडवा पाइप टाकून ठेवला, तर पुढे केबल नुसती ओढून घेता येते. तो राहिला की नवा कोरा रस्ता फोडा, नाहीतर डोक्यावरून तारा लोंबकळू द्या. खांबाचा पाया, महावितरणचं मीटर आणि बिल कोण भरणार, हे रस्त्याच्या अंदाजपत्रकातच लिहून घ्यावं. कोळशाच्या आणि चुनाभट्ट्यांच्या धुळीत दिव्याची काच लवकर काळवंडते. पुसायची तरतूद मात्र सहसा कुणी करत नाही.