मोकळे हात, रिकामे हात

ईदच्या आधी इतवारीच्या कापड बाजारात पाय ठेवायला जागा नसते. रविवारच्या बाजारावरून या पेठेला इतवारी नाव पडले, पण आता तिथे रोजच बाजार असतो. थान उलगडते, बायका पोत बोटांनी तपासतात, भावात घासाघीस होते. माल कुठला, असे विचारले तर दुकानदार सुरत, भिवंडी, इचलकरंजी अशी नावे घेतो. नागपूरचे नाव त्यात क्वचितच येते. एकेकाळी मात्र रेशीमकाठी नागपुरी लुगडी आणि धोतरे दूरवर नावाजलेली होती. हे कापड विणणारे लोक इतवारीच्या आसपासच्या वस्त्यांतच राहत. त्यांत हलबा कोष्टी होते, तसेच आपले मोमीन अन्सारीही होते. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून आलेली बरीच विणकर कुटुंबे नागपुरात आणि कामठीत स्थायिक झाली होती.

माग साऱ्या घराचा

हातमाग हा एकट्या माणसाचा धंदा नव्हता. खड्ड्यात पाय सोडून घरातला कर्ता पुरुष विणत असे, पण त्याच्यामागे सारे घर राबत असे. ताणा लावणे, सुताला खळ देणे, कांड्या भरणे ही कामे बहुतेक बायका आणि मुले करत. माझी दादी म्हणायची, "धोटा तुझ्या दादांच्या हातात होता, पण कांडी भरून दिली नाही तर तो चालायचा नाही." तिच्या कष्टाची वेगळी मजुरी कधी कोणी मोजली नाही.

या घरांत यंत्र एकदम आले नाही. आधी विलायती गिरण्यांचे सूत बाजारात आले. ते एकसारखे आणि स्वस्त होते. विणकराचा त्यात फायदा झाला, पण चरख्यावर सूत कातून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांचे काम गेले. पुढे मागाच्या धोट्यातही बदल झाला. इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ मध्ये दोरीला हिसका देताच धावणारा धोटा काढला होता. हा धोटा आपल्याकडच्या मागांना जोडल्यावर विणकर पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त कापड विणू लागला. विणण्याचा वेग वाढला तशा कांड्याही जास्त लागू लागल्या. म्हणजे विणणाऱ्याचे हात थोडे मोकळे झाले, तर भरणारीचे काम वाढले.

जुम्मा तलावाकाठची गिरणी

१८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. त्यानंतर दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ती जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळ होती. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे साधे, जाडेभरडे कापड विणणाऱ्यांचा टिकाव लागणे कठीण झाले. अनेक विणकर माग सोडून गिरणीत मजूर म्हणून लागले.

पण याच गिरणीची दुसरी बाजूही आहे. तिथे १८८६ मध्ये पेन्शनची आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची सोय झाली. १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी आला. कामगारांना अपघाताची भरपाई देण्याचा कायदा देशात त्यानंतर, १९२३ मध्ये झाला, तर भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये. भोंगा वाजला की जायचे, महिन्याचा पगार आणायचा आणि म्हातारपणासाठी काही शिल्लक ठेवायची, हे गिरणीमुळे अनेक घरांना प्रथमच जमले.

पुढे यंत्रमाग वस्त्यांमध्येच शिरले. एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये पहिल्या यंत्रमागाचे पेटंट घेतले होते. हे यंत्र आता लहान शेडमध्ये आणि राहत्या घरालगत चालू लागले. यंत्र गिरणीसारखेच होते, पण गिरणीतल्या सोयी त्याच्याबरोबर आल्या नाहीत. मजुरी कापडाच्या मापावर मिळायची, पाळी बारा तासांची असायची आणि वीज गेली की कमाई थांबायची. आठ तासांच्या कामात ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज कानांना धोकादायक मानला जातो. यंत्रमागांच्या शेडमध्ये तो अनेकदा नव्वदच्या वर असतो. ज्यांनी तिथे उमेद घालवली, त्यांच्याशी आज मोठ्याने बोलावे लागते.

एम्प्रेस मिलही २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. तिथे तयार कपडे मिळतात.

प्रश्न तोच

१८०४ मध्ये जोसेफ जकार्ड या फ्रेंच माणसाने मागावर नक्षी विणण्यासाठी छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे वापरली. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कल्पना घेतली. या अर्थाने आपल्या खिशातला मोबाइलही मागाच्या घराण्यातलाच आहे. आज इतवारीतला व्यापारी सुरतेचा माल फोनवर पाहून मागवतो आणि पैसेही फोनवरच चुकवतो. त्याचा प्रवास वाचला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पूर्वी नमुने घेऊन दुकानोदुकानी फिरणारा दलाल आता काय करत असेल?

यंत्राला दोष देऊन काही साधत नाही. दादीच्या बोटांना पडलेल्या चिरा आठवल्या की कांड्या भरायचे यंत्र आले, हे बरेच झाले असे वाटते. पण यंत्राने वाचवलेला वेळ आणि पैसा कोणाच्या पदरात पडला, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसे ठरवतात. गिरणी असो की शेड, माग तसाच चालतो. फरक पडतो तो मजुरी, कामाचे तास आणि म्हातारपणाची सोय ठरवताना. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. यंत्राला घाम येत नाही, पण ते चालवणाऱ्याला येतो.

म्हणून घरात किंवा दुकानात नवे यंत्र येईल तेव्हा त्याची किंमत विचारताना आणखी एक गोष्ट विचारू या. याने कोणाचे हात मोकळे होतील आणि कोणाचे रिकामे? ज्याचे हात रिकामे होणार आहेत, त्याच्यासाठी आपण काय करणार आहोत, हेही त्याच वेळी ठरवायला हवे.