भात, पेज आणि समतोल आहार
माजिवडा आता ठाणे शहरात सामावले असले, तरी तेथील जुन्या आगरी-कोळी घरांचे मुख्य अन्न भातच होय. तो सोडण्याचे कारण नाही. दोष आहे तो अतिसडीचा. तांदूळ पांढराशुभ्र करताना कोंड्याबरोबर 'ब-१' जीवनसत्त्व निघून जाते. उरलेले वारंवार धुण्याने व पेज काढून टाकल्याने घटते. आजाऱ्यास शक्तीसाठी दिली जाणारी पेज एरवी मोरीत ओतावी, हे नवलच! उकड्या तांदळात मात्र भात उकडतानाच हे सत्त्व दाण्यात मुरते. यास्तव तो किंवा हातसडीचा तांदूळ घ्यावा व पाणी बेताचे ठेवावे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एका वेळी तिची भाकरी करावी. जोडीला डाळ अथवा मासळी असावी. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अधिक अंगी लागते.