कीव्हला परतणारा माणूस

२८ मे २००३. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना चालू होता. एसी मिलान आणि युव्हेंटस, दोन्ही संघ इटलीचेच. आपल्याकडे मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती आणि १२० मिनिटं खेळूनही फलक कोराच होता. आठव्या-नवव्या मिनिटाला मिलानच्या ७ नंबरनं चेंडू जाळ्यात घातला होता, पण तो गोल नाकारला गेला. पेनल्टी शूटआउटमध्ये नऊ किक झाल्या, त्यातल्या पाच हुकल्या. दहावी किक त्याच ७ नंबरची. गोल झाला तर करंडक मिलानचा.

त्यानं चेंडू ठेवला, चार पावलं मागे आला आणि थांबला. आधी पंचांकडे पाहिलं, मग गोलरक्षक बुफॉनकडे, पुन्हा पंचांकडे, पुन्हा बुफॉनकडे. शिट्टी ऐकू आली की नाही याची खात्री करून घेत असावा. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. मग तो धावला. बुफॉन एका बाजूला झेपावला आणि चेंडू दुसऱ्या बाजूनं आत गेला.

आंद्री शेव्हचेन्कोचं हे चित्र फुटबॉलवेड्यांना पाठ आहे. त्यानंतर तो कुठे गेला, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. गळ्यात पडलेलं पदक घेऊन त्यानं कीव्ह गाठलं आणि बायकोव्हे दफनभूमीत आपल्या प्रशिक्षकाच्या कबरीपाशी ते ठेवलं. व्हालेरी लोबानोव्हस्की वर्षभरापूर्वी, १३ मे २००२ रोजी गेले होते.

शेव्हचेन्कोची कारकीर्द गोलांच्या आकड्यांत मांडता येते, आणि ते आकडे मोठेच आहेत. पण मला तिचं सूत्र या परतण्यात दिसतं. तो ज्या शहरातून पुन्हा पुन्हा बाहेर पडला, त्याच शहरात पुन्हा पुन्हा आला.

चेर्नोबिलचं पोर

त्याचा जन्म २९ सप्टेंबर १९७६ चा, कीव्ह प्रांतातल्या द्विर्किव्श्चिना या खेड्यातला. वडील सोव्हिएत लष्करात. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब कीव्हच्या ओबोलोन भागात राहायला आलं. २६ एप्रिल १९८६ रोजी शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला तेव्हा आंद्री नऊ वर्षांचा होता. कीव्हमधल्या असंख्य मुलांप्रमाणे त्यालाही दूर समुद्रकाठी नेण्यात आलं.

योगायोग असा, की स्फोटानंतर सहाच दिवसांनी, २ मे रोजी, डायनॅमो कीव्हनं फ्रान्समधल्या ल्याँ इथे आत्लेतिको माद्रिदला ३-० असं हरवून युरोपियन कप विनर्स कप जिंकला. प्रशिक्षक होते लोबानोव्हस्की. एका शहराला आठवड्याभरात आपत्ती आणि अभिमान दोन्ही मिळाले. त्या वर्षीचा बॅलन डी'ऑरही डायनॅमोच्या इगोर बेलानोव्हला मिळाला. अकरा वर्षांपूर्वी, १९७५ मध्ये, याच क्लबच्या ओलेग ब्लोखिननं तो पटकावला होता. ओबोलोनच्या पोरांसमोर आदर्श म्हणून ही माणसं होती.

कीव्हच्या क्रीडाशाळेत प्रवेशासाठी झालेल्या चाचणीत आंद्री नापास झाला, आणि तोही ड्रिब्लिंगमध्ये. पुढे मुलांच्या एका स्पर्धेत डायनॅमोच्या माणसाची नजर त्याच्यावर पडली. १९९० मध्ये डायनॅमोच्या कुमार संघाबरोबर तो वेल्समध्ये इयन रश यांच्या नावानं होणाऱ्या स्पर्धेला गेला आणि सर्वाधिक गोल करून परतला. बक्षीस म्हणून लिव्हरपूलच्या त्या गाजलेल्या आघाडीपटूचे बूट मिळाले. लिव्हरपूलचं नाव त्याच्या आयुष्यात आणखी एकदा येणार होतं, पण तेव्हा बक्षीस घेऊन नव्हे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विरघळला आणि युक्रेन स्वतंत्र झालं. डायनॅमोच्या पहिल्या संघात आंद्री आला तो १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये, अठराव्या वर्षी. म्हणजे हा खेळाडू आणि त्याचा देश जवळपास बरोबरच वयात आले.

लोबानोव्हस्कींची शाळा

१९९७ च्या सुरुवातीला लोबानोव्हस्की आखातातली नोकरी संपवून डायनॅमोत परतले. हा माणूस फुटबॉलकडे इंजिनिअरच्या नजरेनं बघत असे. सत्तरच्या दशकातच त्यांनी अनातोली झेलेन्त्सोव्ह या शास्त्रज्ञाला हाताशी धरून खेळाडूंच्या हालचालींची मोजणी सुरू केली होती. कोण किती धावला, किती वेळा चेंडू हिसकावला, कुठे थकला, या सगळ्याची नोंद. त्यांच्या लेखी ११ खेळाडू म्हणजे ११ भाग असलेलं एक यंत्र होतं. सराव इतका कठोर की चढावर धावताना पोरांना उलट्या होत.

या यंत्राचा हिसका बार्सिलोनाला पहिल्यांदा बसला. कीव्हमध्ये ३-० अशी हार पत्करलेला बार्सिलोना ५ नोव्हेंबर १९९७ रोजी घरच्या मैदानावर परतफेडीच्या तयारीत होता. मध्यंतरापर्यंत २१ वर्षांच्या शेव्हचेन्कोनं तीन गोल केले होते. उरलेला एक गोल त्याचा जोडीदार सेर्ही रेब्रोव्हनं केला. ४-०, तेही कॅम्प नोऊवर. पुढच्या मोसमात रिआल माद्रिदची पाळी आली. माद्रिदमध्ये १-१, कीव्हमध्ये २-०. डायनॅमोचे तिन्ही गोल शेव्हचेन्कोचे. उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकनं त्यांना रोखलं, पण तोवर सौदा ठरल्यात जमा होता. डायनॅमोबरोबर सलग पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवून तो १९९९ च्या उन्हाळ्यात सुमारे २.५ कोटी डॉलरला मिलानकडे गेला.

मिलानची सात वर्षं

इटलीतला बचाव तेव्हा जगात सर्वांत चिवट मानला जाई. परक्या देशातून आलेला आघाडीपटू तिथे रुळायला दोन वर्षं घेतो, असा समज होता. शेव्हचेन्कोनं पहिल्याच मोसमात २४ गोल करून लीगमध्ये पहिला नंबर काढला. २००३-०४ मध्ये पुन्हा २४ गोल, मिलानला लीगचं विजेतेपद आणि त्याला बॅलन डी'ऑर. डेको आणि रोनाल्डिन्यो त्याच्या मागे राहिले. ब्लोखिन आणि बेलानोव्ह यांनी हा मान सोव्हिएत खेळाडू म्हणून मिळवला होता. निळ्या-पिवळ्या झेंड्याखाली तो मिळवणारा शेव्हचेन्को पहिला.

मग २५ मे २००५, इस्तंबूल. लिव्हरपूलविरुद्ध मध्यंतराला ३-० अशी आघाडी घेतलेला मिलान सहा मिनिटांत ३-३ वर आला. जादा वेळ संपत आला असताना शेव्हचेन्कोनं अगदी जवळून लागोपाठ दोनदा गोलचा प्रयत्न केला आणि दुदेक या गोलरक्षकानं दोन्ही अडवले. शूटआउटमध्ये मिलानची शेवटची किक पुन्हा त्याचीच. मँचेस्टरमध्ये न ढळलेला तो पाय इस्तंबूलमध्ये ढळला. चेंडू जवळपास मधोमध गेला आणि दुदेकनं तो थोपवला. दोन वर्षांत एकाच स्पर्धेच्या दोन अंतिम सामन्यांची शेवटची किक एकाच माणसाच्या वाट्याला आली. एकदा देवपण देणारी, एकदा माणसात आणणारी.

पुढच्या वर्षी युक्रेन पहिल्यांदा विश्वचषकात उतरलं. प्रशिक्षक ब्लोखिन, कर्णधार शेव्हचेन्को. स्पेननं पहिल्याच सामन्यात ४-० अशी धूळ चारली. तिथून सावरत संघानं उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि इटलीकडून हरला. पदार्पणात यापेक्षा जास्त काय मागायचं!

मिलाननंतरची चेल्सीतली वर्षं थोडक्यात सांगितलेली बरी. सुमारे ३ कोटी पौंड मोजून आणलेल्या खेळाडूनं लीगच्या ४८ सामन्यांत ९ गोल केले. मधे उसनवारीवर एक मोसम मिलानला गेला, तिथे लीगमध्ये एकही गोल नाही. वेग ओसरला होता, दुखापती वाढल्या होत्या. अशा वेळी पैशाच्या लीगा खुणावत असतात. पण २००९ मध्ये तो डायनॅमोत परतला.

दोन हेडर

त्या परतण्याचं चीज ११ जून २०१२ रोजी झालं. युरो स्पर्धेचं यजमानपद पोलंड आणि युक्रेनकडे होतं. कीव्हच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर स्वीडनच्या इब्राहिमोविचनं ५२ व्या मिनिटाला गोल केला. तीन मिनिटांनी बचावपटूला हुलकावणी देऊन शेव्हचेन्कोनं डोक्यानं चेंडू आत ढकलला. ६२ व्या मिनिटाला कॉर्नर आला, तो जवळच्या खांबाकडे सरसावला आणि पुन्हा हेडर. वय ३५, गुडघे कुरकुरणारे, पण जागा ओळखण्याची नजर शाबूत. युक्रेन २-१ नं जिंकलं. दीड महिन्यात त्यानं बूट टांगले. १११ आंतरराष्ट्रीय सामने, ४८ गोल. देशासाठी इतके गोल दुसऱ्या कोणीच केलेले नाहीत.

लगोलग त्यानं राजकारणात उडी घेतली आणि आपटला. त्याच्या पक्षाला २०१२ च्या निवडणुकीत दोन टक्केही मतं पडली नाहीत. हेडरवर जीव ओवाळून टाकणारी जनता मत देताना हिशेबी असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून २०१६ पासूनची पाच वर्षं मात्र त्याला मानवली. त्याच्या हाताखाली युक्रेननं पोर्तुगालला मागे टाकून गट जिंकला आणि २०२१ च्या उन्हाळ्यात झालेल्या युरो स्पर्धेत प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं आणि हे सगळं मागे पडलं. त्या दिवसांत कीव्ह आणि खारकीव्ह ही नावं मराठी घरांतही काळजीनं उच्चारली जात होती, कारण वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली आपली मुलं तळघरांत अडकली होती. मुलं परतली, आपण बातम्या बदलल्या. शेव्हचेन्को देशासाठी मदत गोळा करणाऱ्या युनायटेड२४ चा दूत झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यानं आणि युक्रेनचाच खेळाडू असलेल्या झिन्चेन्कोनं लंडनमध्ये जुन्या-नव्या खेळाडूंचा सामना भरवला. त्यातून चेर्निहिव्ह भागातली उद्ध्वस्त शाळा उभारायची होती. युक्रेनमध्ये लीग चालू होती, पण कशी? भोंगा वाजला की खेळाडू तळघरात, धोका टळला की पुन्हा मैदानात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ल्विव्हमधला एक सामना अशा थांबण्यांमुळे चार तासांहून अधिक चालला.

२५ जानेवारी २०२४ रोजी शेव्हचेन्को युक्रेनच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक तेव्हा होता रेब्रोव्ह. कॅम्प नोऊवरची जोडी पुन्हा एकत्र आली होती. दोनच महिन्यांनी, २६ मार्चला, युक्रेननं आइसलंडला २-१ असं हरवून युरोची पात्रता मिळवली. कागदावर तो सामना युक्रेनच्या घरच्या मैदानावरचा होता. तो खेळला गेला पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात.