डोकं दुखलं की सुंठ, बाम की गोळी? घरगुती उपायांपैकी नेमकं काय काम करतं?

डोकं दुखायला लागलं की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. आजी म्हणते, सुंठ उगाळून कपाळाला लाव. आई बामची डबी पुढे करते. ऑफिसातला मित्र म्हणतो, एक कडक चहा मार. आणि इन्स्टाग्रामवर कुणीतरी सांगत असतं की हा काढा प्या, मायग्रेन कायमचं जाईल.

यातलं खरं किती आणि नुसतं ऐकीव किती?

आधी कुठलं डोकं दुखतंय ते ओळखा

सगळ्यात जास्त आढळते ती ताणामुळे होणारी डोकेदुखी. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, दोन्ही बाजूंनी दुखतं, पण माणूस काम करू शकतो.

मायग्रेन म्हणजे आपली अर्धशिशी. बऱ्याचदा डोक्याची एकच बाजू ठणकते, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, जिना चढला तरी त्रास वाढतो. उपचार न केल्यास एक झटका ४ ते ७२ तास टिकू शकतो. काहींना त्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. पुरुषांच्या तुलनेत बायकांमध्ये हा त्रास दोन ते तीन पट जास्त आढळतो. पाळीच्या आसपास हार्मोन्स वरखाली होणं हे त्यामागचं एक मोठं कारण.

मायग्रेन हा मेंदू आणि मज्जातंतूंशी संबंधित आजार आहे. 'नाटक करते', 'टेन्शन घेते म्हणून दुखतं' हे शेरे म्हणूनच चुकीचे आहेत. झटक्याच्या वेळी सीजीआरपी नावाचं प्रथिन काय करतं, हे शोधणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये ब्रेन प्राइज मिळालं. मायग्रेनची नवी औषधं याच शोधावर उभी आहेत.

बाम लावल्यावर बरं का वाटतं?

१८९३ मध्ये मुंबईत काशीनाधुनी नागेश्वरराव यांनी अमृतांजन सुरू केलं आणि पिवळा बाम घराघरांत पोचला. अशा बामांमध्ये मेंथॉल, कापूर, निलगिरीचं तेल असे घटक असतात. मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतं. मेंदूला गारव्याचा संदेश जातो आणि दुखण्याकडचं लक्ष थोडं कमी होतं.

यात तथ्य आहे. १९९६ मध्ये जर्मनीत झालेल्या एका छोट्या प्रयोगात ताणाच्या डोकेदुखीवर १० टक्के पेपरमिंट तेलाचं द्रावण कपाळाला लावून पाहिलं गेलं. त्याचा परिणाम पॅरासिटामॉलच्या जवळपास निघाला. पण हे ताणाच्या डोकेदुखीबद्दल. मायग्रेनचा झटका बामने थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. लहान बाळांच्या नाकाजवळ कापूर किंवा मेंथॉल लावू नका, आणि कापूर पोटात गेला तर तो विषारी ठरतो.

आलं-सुंठीचं काय?

२०१४ मध्ये इराणमधल्या एका प्रयोगात १०० मायग्रेन रुग्णांपैकी काहींना सुंठीची पूड आणि काहींना सुमाट्रिप्टान हे औषध दिलं. दोन तासांनंतर दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. मात्र नुसती खोटी गोळी दिलेला तिसरा गट या प्रयोगात नव्हता, त्यामुळे यातून पक्का निष्कर्ष निघत नाही. पुढे ब्राझीलमध्ये मायग्रेन येऊच नये म्हणून रोज आलं देऊन पाहिलं, तेव्हा ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

थोडक्यात, झटका आल्यावर आल्याचा चहा घ्यायला हरकत नाही. आल्याने मळमळ कमी होते हे बऱ्यापैकी सिद्ध झालंय. पण 'रोज आलं खा, मायग्रेन गायब' हे खरं नाही.

'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' : खरं की खोटं?

खोटं. बटरबर नावाच्या वनस्पतीचं उदाहरण बघा. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये मायग्रेन टाळण्यासाठी तिची शिफारस केली होती. नंतर यकृताला इजा होण्याची भीती समोर आली आणि २०१५ मध्ये त्या सूचना मागे घेतल्या गेल्या.

त्याच यादीत मॅग्नेशियम आणि बी-२ जीवनसत्त्वही होतं. काही रुग्णांना त्यांचा फायदा होतो, पण किती आणि किती दिवस घ्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा. किडनीचा आजार असेल तर मॅग्नेशियम धोक्याचं ठरू शकतं.

फुकटातले उपाय, जे खरंच कामाचे

मायग्रेनच्या मेंदूला बदल आवडत नाही. झोपेची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. जेवण टाळू नका. एकादशी किंवा नवरात्रात उपाशी राहिल्यावर डोकं धरत असेल, तर थोड्या थोड्या वेळाने काही खा, पाणी प्या. चहा-कॉफी अचानक बंद केली तरी डोकं दुखतं, म्हणून हळूहळू कमी करा.

झटका आला की अंधाऱ्या, शांत खोलीत पडा आणि कपाळावर गार पट्टी ठेवा. आणि एक वही करा : कधी दुखलं, त्याआधी काय खाल्लं, झोप किती झाली, पाळी कधी होती, गोळी कुठली घेतली. दोन महिन्यांत तुमचं कारण तुम्हालाच सापडू शकतं.

खरा धोका गोळ्यांच्या पाकिटात

मेडिकलमधून आणलेली साधी वेदनाशामक गोळी कधीतरी घेणं ठीक आहे. पण महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस अशा गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. कॅफिन मिसळलेल्या किंवा अनेक औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांसाठी ही मर्यादा १० दिवसांची आहे. डोकं दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे पुन्हा डोकेदुखी, असं हे चक्र. गोळ्या मोजायला वही इथेही कामाला येते.

घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना कधी गाठायचा?

- आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी अचानक सुरू झाली
- सोबत ताप असून मान आखडली
- हात-पाय लुळे पडले, जीभ जड झाली, दिसेनासं झालं, फिट आली
- डोक्याला मार लागल्यानंतर दुखू लागलं
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला
- गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर तीव्र डोकं दुखलं

अशा वेळी सुंठ उगाळण्यात गेलेला वेळ महागात पडू शकतो. एरवी आजीचा लेप लावा, अंधारात पडून राहा, आराम पडला तर उत्तमच. पण महिन्यात चार-पाच दिवस डोकेदुखीत जात असतील, तर डॉक्टरांना भेटा. मायग्रेन कायमचं घालवणारा काढा नाही, पण झटके कमी करणारी औषधं आज आहेत.