डीझेल एंजिन, जुने : दोषनिदान

डीझेल एंजिनात ठिणगी नसते. संपीडनाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा पेट घेतो. म्हणून १९५४ पासून भारतात टाटा व डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने बनलेल्या मालमोटारींसारख्या जुन्या वाहनाचे एंजिन सुरू न झाल्यास ते उघडण्यापूर्वी इंधनपुरवठा तपासतात. इंधननळीत शिरलेली हवा दाबली जाते व अंतःक्षेपक उघडत नाही. ती काढण्यासाठी पंपावरील स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप चालवितात. काळा धूर अपुरी हवा किंवा जादा इंधन, निळा जळणारे वंगणतेल, तर पांढरा न जळलेले इंधन किंवा सिलिंडरात शिरलेले पाणी सुचवितो. उच्च दाबाची गळती हाताने चाचपू नये; फवारा त्वचा भेदतो व सूक्ष्म दिसणाऱ्या जखमेलाही तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते.